मिसरची धूळ

खंडेनवमीच्या सकाळी चंद्राबाईंनी घरातलं झाडून सगळं लोखंड अंगणात काढलं. कोयते, खुरपी, कुऱ्हाड, विळी, अडकित्ता, नवऱ्याचे पाने आणि हातोड्या असं सगळं ओळीनं मांडून त्या चिंच आणि राखुंडी घेऊन घासायला बसल्या. हत्यारांना आंघोळ घालायची, मग हळदीकुंकू लावून पूजा करायची, हे दरवर्षीचंच होतं. घासता घासता कोनाड्यातल्या ट्रककडे त्यांचं लक्ष गेलं. इथून पुढे जे झालं त्यात खरं म्हणजे कुणाचाच दोष नव्हता. सगळी माणसं भली होती, आणि म्हणूनच तर कुणावर धड ओरडताही येईना.

ट्रक हातभर लांबीचा होता. सागाच्या फळकुटांचा सांगाडा आणि वर घासलेटच्या डब्याचा पत्रा. चंद्राबाईंचे यजमान, रावजी हवालदार, दुसऱ्या महायुद्धात मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात असाच ट्रक चालवत होते. लढाई संपल्यावर ते बारामतीला परत आले आणि लोकांच्या मळ्यातली ऑइल इंजिनं दुरुस्त करू लागले. नुसता ट्रक बनवायचा तर आठवड्याचं काम होतं. पण रावजींना कुठलातरी ट्रक नको होता, स्वतःचाच हवा होता, आणि रंगापायी त्यांचा सगळा पावसाळा गेला.

नव्या गाडीला एक रंग असतो, वापरातल्या गाडीला दहा असतात, असं रावजींचं म्हणणं. लढाईत त्यांची तुकडी दिवसच्या दिवस पश्चिमेकडे चालायची, ऊन कायम डाव्या अंगाला. त्यामुळे डावी बाजू विटून ताकासारखी झालेली, तर उजवी अजून वाळूच्या रंगाची. उजवं दार दुसऱ्याच गाडीचं बसवलेलं, म्हणून ते हिरवं. जिथं ड्रायव्हर हात टेकतो तिथला रंग उडून पत्रा दिसायचा. सायलेन्सरवरच्या गंजासाठी रावजींनी जुन्या नांगराच्या फाळावरचा खरा गंज खरवडून जवसाच्या तेलात कालवला होता. आणि सगळ्यावर धूळ. ही धूळ बारामतीची चालेना, कारण इथली माती काळी. शेवटी निरवांगीला एक इंजिन दुरुस्त करायला गेले असताना गावठाणातल्या एका पडक्या भिंतीची पांढरी माती त्यांनी पाहिली आणि ते तिथंच उकिडवे बसले. हुबेहूब मिसर! ती माती आणून, चंद्राबाईंच्या चोरून त्यांच्याच वस्त्रगाळाच्या फडक्यातून गाळून, त्यांनी चिमटी-चिमटीनं ट्रकवर सोडली होती.

एवढा खटाटोप कशासाठी, हे कुणी विचारलं असतं तर रावजींनी सांगितलं असतं. पण कुणी विचारत नव्हतं. लढाईवरून आलेल्या माणसाकडून लोकांना तोफा हव्या असतात. रावजी सांगायचे धूळ. दातात धूळ, चहात धूळ, पापण्यांवर धूळ. "म्हंजी तुमी नुसती गाडीच हाकली व्हय?" असं म्हणून लोक तंबाखू मळायला लागायचे. हळूहळू रावजींनी सांगणं सोडून दिलं. मग एक दिवस कळलं की दसऱ्याला मार्केट यार्डात शेतीमालाचं आणि हस्तकलेचं प्रदर्शन भरणार, आणि उद्घाटनाला पुण्याचे एक निवृत्त मेजर येणार, जे स्वतः मिसरच्या लढाईत होते. रावजींना बक्षिसाची हाव नव्हती. तिथं असलेल्या एका माणसानं हा ट्रक एकदा बघावा आणि असंच होतं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. या एका इच्छेवर ते गेले चार महिने जगत होते म्हटलं तरी चालेल.

मेजरसाहेबांसमोर जायचं म्हणून त्या सकाळी रावजी मिशा नीट करून घ्यायला गेले होते. ते परतले तेव्हा कोयते चमकत होते, कुऱ्हाड चमकत होती, आणि त्यांच्या मधोमध, झेंडूची माळ घातलेला, ट्रकही चमकत होता. रंग गेला होता, गंज गेला होता, मिसर तर गटारानं केव्हाच वाहून गेला होता. घासलेटच्या डब्यावरची कंपनीची अक्षरंसुद्धा स्वच्छ वाचता येत होती.

"बघा," चंद्राबाई कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, "केवढा मळ बसला हुता! चार बारी घासला तवा निघाला. येवढा लष्करातला माणूस, आन गाडी आसली ठिवता व्हय?"

रावजी पायरीवर बसले.

"काय झालं?"

"काय न्हाय."

"मग आसं का बसलाय? बरं वाटंना का?"

"अगं, त्यो मळ मी लावला हुता."

चंद्राबाईंनी एकदा ट्रककडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं. "मुद्दाम?"

"मुद्दाम. चार म्हयनं लागलं."

माणसानं मुद्दाम चार महिने एखादी वस्तू मळवावी, हे चंद्राबाईंच्या डोक्यात शिरणं अवघड होतं. पण नवऱ्याचा चेहरा त्यांना वाचता येत होता. त्यांचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "मला काय ठावं! खंडेनवमीला घाण ठिवायची न्हाय म्हणून मी..." त्या रडू लागल्या आणि रावजींना, स्वतःचं दुःख बाजूला ठेवून, त्यांची समजूत घालावी लागली. मग त्यांनी उसासा टाकला, पोतं काखोटीला मारलं आणि निरवांगीला जाण्यासाठी एसटी स्टँड गाठलं. रंग घरात होता, गंज होता. माती मात्र चिमूटभरही उरली नव्हती.

निरवांगीला ती पडकी भिंत फुलाबाई नावाच्या म्हातारीची होती. मागच्या खेपेला ती घरी नव्हती. या खेपेला होती.

"माझ्या भिताडाची माती कशाला रं पायजे तुला?"

"गाडीवर टाकायला, आजी."

"गाडीत भरायला म्हण."

"न्हाय. गाडीवर. वरनं."

फुलाबाईनं त्यांना दोनदा खालून वर न्याहाळलं आणि शेजाऱ्याला हाक मारली. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याला मारली. बारामतीचा मिलिटरीतला माणूस मुद्दाम एसटीनं येतो, पडक्या भिंतीखाली उकरतो आणि माती मुठीत धरून उजेडात बघतो, म्हणजे भिंतीखाली काय असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. रावजींनी अर्धं पोतं भरलं तोवर चार जण कुदळी घेऊन आले होते. ते निघाले तेव्हा भिंत राहिलीच नव्हती, आणि फुलाबाई खड्ड्याच्या काठावर बसून, जे निघेल ते माझंच, असं सगळ्यांना बजावत होती.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, "पोत्यात काय?"

"माती."

"बारामतीत माती न्हाय?"

"हाय. पर काळी हाय."

कंडक्टरनं तिकीट फाडलं. त्यानं रावजींना मागच्या बाकावर, बाकीच्या उतारूंपासून जरा लांब बसवलं. रावजींना ते बरंच वाटलं. त्यांनी पोत्यावर डोकं टेकलं आणि बारामती येईपर्यंत डोळे मिटून घेतले.

इकडे चंद्राबाईंना चैन पडत नव्हतं. आपण बिघडवलं ते आपणच नीट करावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. पलीकडच्या आळीत चाँदभाई रंगारी राहायचे. बैलगाड्या, दुकानांच्या पाट्या, घोड्याचे टांगे रंगवणारा पंचक्रोशीतला पहिल्या नंबरचा माणूस आणि रावजींचा जुना दोस्त. चंद्राबाई झेंडूच्या माळेसकट ट्रक घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

"चाँदभाई, ह्येचा रंग माझ्या हातनं गेला. उद्या प्रदर्शनाला ठिवायचा हाय."

"काय फिकीर करू नका वैनी," चाँदभाई म्हणाले. "दोस्ताचं काम हाय. आसा रंगवतो, की मेजर बघतच ऱ्हाईल."

चाँदभाई ज्या कामात जीव ओतायचे त्यात हात आखडता घ्यायची त्यांना सवय नव्हती. दुपारचं जेवणही न घेता ते बसले. संध्याकाळी रावजी पोतं खांद्यावर घेऊन दारात आले तेव्हा कोनाड्यात एक हिरवागार, आरशासारखा ट्रक उभा होता. कडेनं लाल-पिवळी वेलबुट्टी. मागच्या फळीवर 'जय हिंद'. आणि डाव्या दारावर पिसारा फुलवलेला मोर.

शेजारी चाँदभाई हात पुसत उभे होते, आणि त्यांच्या शेजारी चंद्राबाई. दोघंही रावजींच्या तोंडाकडे बघत होते.

"कसा झालाय?" चाँदभाईंनी विचारलं.

रावजींनी पोतं खाली ठेवलं. या प्रश्नाचं खरं उत्तर देण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती, आणि असती तरी त्यांनी ते दिलं नसतं.

"लई चांगला झालाय," ते म्हणाले.

"मोराचे डोळे बघा. एका केसाच्या कुंचल्यानं काढलेत."

"बघितले."

"हवालदारसाब, तुमचा चेहरा का पडलाय?"

"परवासानं," रावजी म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

दसऱ्याला तांबडं फुटताच ते उठले. ऑइलपेंट अजून बोटाला चिकटत होता. वाळूचा रंग पातळ करून त्यांनी, उजवं दार तेवढं सोडून, हिरव्यावर ओढला, घासलेटच्या बोळ्यानं जागोजाग पुसला, कडांना खरवडला, डावी बाजू पुन्हा विटवली, सायलेन्सर गंजवला. मग निरवांगीची माती फडक्यातून गाळून वर सोडली. ती ओलसर रंगाला अशी काही धरली की रावजींचा हात थबकला. मिसरलाही असंच व्हायचं. गाड्या हिरव्या यायच्या, बंदरावर घाईघाईनं त्यांच्यावर वाळूचा रंग फासायचे, आणि घासेल तिथं खालचा हिरवा डोकवायचा. पहिला ट्रक झाला होता त्यापेक्षा हा खरा झाला होता. फक्त डाव्या दारावरचा मोर काही केल्या पुरता जाईना. तुरा आणि पिसाऱ्याची एक बाजू धुळीतून दिसतच राहिली.

मार्केट यार्डात प्रदर्शनाची सगळी सूत्रं आबासाहेबांच्या हातात होती. पाहुणे पुण्याचे, त्यामुळे सकाळपासून आबासाहेबांच्या पायाला भिंगरी लागली होती. त्यांनी जमीन सारवून घेतली होती, वांगी तेलानं पुसून घेतली होती, केळीचे घड ओल्या फडक्यानं पुसून घेतले होते. रावजींनी ट्रक टेबलावर ठेवला तेव्हा ते जवळ आले.

"हवालदार, आसा मळका कशाला आणला?"

"मळकाच हाय त्यो, आबासाहेब."

"मग धुवून आणायचा."

"धुतला हुता."

"मग?"

"मग मळवला."

आबासाहेबांना त्या दिवशी शंभर कामं होती. त्यांनी एका स्वयंसेवकाला खूण केली आणि त्यानं ट्रक तिथून उचलून पार शेवटच्या टेबलावर, भोपळ्यांच्या मागे नेऊन ठेवला. तिथंही त्याला स्वस्थता नव्हती. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस भला होता. कुणी उपरण्यानं धूळ पुसायला पुढे व्हायचा, कुणी फुंकर मारायला वाकायचा. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," असं म्हणत रावजी दोन्ही हात पसरून उभे होते. गोजरबाई नावाच्या एका बाईंनी तर पदर ओलाच करून आणला होता. त्यांना परतवेपर्यंत रावजींच्या तोंडाला फेस आला.

चाँदभाई नवा सदरा घालून आपलं काम बघायला आले. बघितलं आणि डाव्या दाराशी वाकले.

"माझा मोर?" ते म्हणाले.

"हाय की. ह्यो काय तुरा."

"तुरा ऱ्हायला व्हय नुसता!" चाँदभाई म्हणाले. "दिवसभर बसलो हुतो, हवालदारसाब."

रावजींना आता मेजर यावेत की न यावेत, हेच कळेनासं झालं. बायको दुखावली, दोस्त दुखावला, एका म्हातारीची भिंत पाडली. आपलं चुकलंच असेल, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. साधा स्वच्छ ट्रक ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

एवढ्यात वाजंत्री वाजली. मेजरसाहेब आले. उंच, वाळलेले, हातात काठी. अशी प्रदर्शनं त्यांनी पुष्कळ पाहिली असावीत, कारण दुधी, वांगी, केळी यांच्याकडे ते एकाच चेहऱ्यानं बघत होते. आबासाहेब पुढे-पुढे करत होते. भोपळ्यांपाशी मेजर थांबले, आबासाहेबांनी भोपळ्याचं वजन सांगितलं, मेजरांनी मान हलवली, आणि पुढे जाता जाता त्यांची नजर भोपळ्याच्या मागे गेली.

ते थांबले. काठीनं त्यांनी भोपळा बाजूला सारला. खाली वाकून डावी बाजू पाहिली, वळसा घालून उजवी पाहिली. मग ताठ झाले आणि त्यांची मान लाल झाली.

"ही गाडी कुणाची?"

आवाज असा निघाला की आबासाहेबांच्या हातातला हार खाली पडला. रावजींच्या टाचा आपोआप जुळल्या.

"माझी, साब!"

"किती दिवस धुतली नाही?"

"पाणी न्हवतं साब. माणशी येक बाटली."

"डावं दार उन्हानं पार गेलंय. पश्चिमेला चालला होता?"

"व्हय, साब."

"आणि उजवं दार? हे ह्या गाडीचं नाही."

"दुसऱ्या गाडीचं साब. ती जळली."

"कुणाला विचारून घेतलं?"

"विचारायला कुणी उरलं न्हवतं साब."

मेजरांनी वाकून त्या हिरव्या दाराकडे पुन्हा एकदा बघितलं. मग मेजरांना काहीतरी दिसलं आणि त्यांची काठी डाव्या दारावर टेकली.

"हे काय? मोर? सरकारी गाडीवर मोर? कुणाच्या परवानगीनं?"

रावजींनी चाँदभाईंकडे बघितलं. चाँदभाई भोपळ्यांकडे बघत होते.

"चूक झाली, साब."

"लाज वाटत नाही? फौजी ना तू? उद्या सकाळी इन्स्पेक्शन! गाडी लखलखीत दिसली पाहिजे. आणि ते पाखरू आधी काढ!"

"हुकूम, साब!" रावजींनी असा सलाम ठोकला की टेबल हललं.

मेजरसाहेबांना मग आपण कुठं आहोत ते आठवलं असावं. ते खाकरले. त्यांनी ट्रकच्या टपावर दोन बोटं टेकवली, उचलली, बोटांना लागलेली धूळ डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. ती त्यांनी पुसली नाही. तशीच बोटं जरा लांब धरून ते पुढच्या टेबलाकडे गेले आणि पहिलं बक्षीस त्यांनी भोपळ्याला दिलं.

घरी जाताना चाँदभाई आणि चंद्राबाई दोन्ही बाजूंनी चालत होते, आजारी माणसाला घेऊन चालावं तसे.

"लई बोलला तुमास्नी," चंद्राबाई म्हणाल्या. "चारचौघात. माझ्या हातनंच..."

"माझ्या मोरापायी," चाँदभाई म्हणाले.

"बोलला न्हवं?" रावजी म्हणाले. ते वाटेतच थांबले. "ऐकलंस ना तू? पश्चिमेला चालला हुता का म्हणाला. मी काय बी सांगितलं न्हवतं. दार बघून म्हणाला." मग जरा वेळानं ते पुन्हा म्हणाले, "आसंच बोलायचे आमचे साब. आगदी आसंच." चंद्राबाईंनी आणि चाँदभाईंनी एकमेकांकडे बघितलं आणि यांना घरी नेऊन आधी झोपवायला हवं, असं दोघांनीही मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाई पाण्याला बाहेर आल्या तेव्हा रावजी अंगणात उकिडवे बसले होते. समोर ट्रक, बाजूला बादली, हातात घासणी. वाळूचा रंग, गंज, निरवांगी, सगळं पाण्याबरोबर मोरीकडे चाललं होतं. मोराचा नुसता एक पाय उरला होता आणि रावजी तो जोर लावून घासत होते.

चंद्राबाईंच्या हातातली घागर हातातच राहिली.

"अवं, ह्ये काय? मी धुतला तवा तर चार घास पोटात गेलं न्हाईत तुमच्या!"

"इन्स्पेक्शन हाय आज."

"मेजर रातच्यालाच पुण्याला गेला! कोण येतंय हितं बघायला?"

"न येऊ दे. हुकूम त्यो हुकूम."

"आन मी चार बारी घासला, ती काय झक मारली?"

"तुझं निराळं," रावजी मान वर न करता म्हणाले. "तू काय मेजर हायस व्हय?"

चंद्राबाईंनी घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि त्यांच्या हातातली घासणी काढून घेतली.

"ह्या घरात? मग कोण हाय?"

रावजींनी थोडा विचार केला. मग ते बाजूला सरकले, आणि त्यांना घासायला सोपं जावं म्हणून तांब्यानं वरून पाणी घालू लागले.